नांगराला न सापडलेलं गवत

इलिनॉयमध्ये नेपरव्हिलजवळ व्हर्मोंट नावाची एक जुनी दफनभूमी आहे. जेमतेम एकरभराची. एकोणिसाव्या शतकात तिथं वस्तीला आलेल्या शेतकऱ्यांनी आजूबाजूचं सगळं रान नांगरून काढलं. पण आपल्याच माणसांच्या थडग्यांवर नांगर कोण घालणार? म्हणून तेवढ्या तुकड्यात मूळचं कुरण, म्हणजे प्रेअरी, टिकून राहिलं. आज अमेरिकेतल्या बागांत हौसेनं लावली जाणारी देशी गवतं अशाच नजरचुकीनं वाचलेल्या जागांनी जगवली. काही थडग्यांच्या आडोशाला, काही रेल्वेच्या रुळांकडेला.

उंच गवताची ही प्रेअरी एके काळी सुमारे १७ कोटी एकरांवर पसरली होती. तिचा राजा बिग ब्लूस्टेम. पुरुषभर उंचीच्याही वर जाणारं हे गवत आपल्या ज्वारी-उसाच्या गोतातलं. तुऱ्याला बहुधा तीन फाटे फुटतात, म्हणून तिकडचे लोक त्याला 'टर्कीचा पाय' म्हणतात. त्याच्या खोल मुळांनी पोसलेली काळी माती लोखंडी फाळाला अशी चिकटायची, की शेतकऱ्याला घडोघडी थांबून ती खरवडावी लागे. १८३७ मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहारानं तुटक्या करवतीच्या पोलादाचा गुळगुळीत फाळ बनवला. माती घसरू लागली आणि प्रेअरीचे दिवस भरले. आज तिचा चार टक्के भागही उरलेला नाही.

मोडलेलं कुरण पुन्हा उभं करता येतं का? मॅडिसनमध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठानं १९३५ च्या सुमारास एका जुन्या शेतावर हा खटाटोप सुरू केला. निसर्गसंवर्धक आल्डो लिओपोल्ड पाठीशी होते. अंगमेहनत मंदीच्या काळात सरकारी छावणीत भरती झालेल्या तरुणांची. लावलेल्या गवतात परकं ब्लूग्रास घुसत राहिलं. मग १९४० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांनी ठरवून वणवा लावण्याचे प्रयोग केले, आणि देशी गवतं जोमानं वर आली. आगीवर पोसलेल्या गवताला आगीपासूनच जपलं जात होतं!

पुढे रॉबर्ट बेट्झ या प्राध्यापकानं दफनभूम्या धुंडाळल्या. अशाच उरल्यासुरल्या तुकड्यांतून हातानं बी गोळा करून १९७५ मध्ये फर्मिलॅबच्या कणत्वरकाच्या वर्तुळात पेरणी झाली.

घरच्या बागेची वाट मात्र वाकडी निघाली. स्विचग्रास या प्रेअरीतल्याच गवताच्या 'रोटस्ट्रालबुश'सारख्या लालसर जाती जर्मन रोपवाटिकांनी निवडल्या आणि त्या विलायती नावांनिशी माहेरी परतल्या. मिलवॉकीच्या उपनगरात लॉरी ऑटो यांनी हिरवळ काढून रानझाडं वाढवली, तर गावच्या कारभाऱ्यांनी ती तण समजून कापून टाकली. ऑटो भांडल्या, आणि भरपाई वसूल केली. २००४ मध्ये शिकागोच्या भर मध्यवस्तीत लुरी गार्डन उघडलं, तेव्हा तिथं हीच गवतं मानानं उभी होती.

ती लावणारे आता हिवाळ्यात कात्रीला हात लावत नाहीत. लिटल ब्लूस्टेमची तांब्याच्या रंगाची वाळकी काडी तशीच ठेवतात. बी चिमण्या टिपतात, आणि बुंध्याशी स्किपर फुलपाखरांच्या अळ्या थंडी काढतात.