राष्ट्रपतिपदाची पात्रता : कलम ५८ आणि उमेदवारीचा बदलता इतिहास

प्रस्तावना

राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत राष्ट्रपतिपदाच्या पात्रतेचा विषय साधारणपणे चार ओळींत संपतो. उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याच्या वयाची ३५ वर्षे पूर्ण झालेली असावीत, लोकसभेचा सदस्य म्हणून निवडून येण्यास तो पात्र असावा आणि त्याने लाभाचे पद धारण केलेले नसावे. कलम ५८ चा आशय एवढाच आहे. मात्र पात्र असणे आणि उमेदवार होता येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली घटनेने ठरविली, तर दुसरी संसदेच्या कायद्याने. या दोहोंमधील अंतर १९५२ नंतरच्या काळात कसे वाढत गेले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

घटनाकारांची भूमिका

घटनेच्या मसुद्यात ही तरतूद कलम ४७ म्हणून होती व डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत तिच्यावर चर्चा झाली. १७८७ मध्ये तयार झालेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेचा नमुना समितीपुढे होताच. त्या घटनेनुसार अध्यक्ष जन्मतः नागरिक असावा लागतो, त्याचे वय किमान ३५ वर्षे असावे लागते आणि देशातील त्याचे वास्तव्य किमान १४ वर्षांचे असावे लागते. भारतीय घटनेत वयाची अट तीच आहे. जन्म व वास्तव्य यांविषयीच्या अटी मात्र नाहीत. फाळणीमुळे लक्षावधी लोक विस्थापित झाले होते आणि पाकिस्तानातून आलेल्यांच्या नागरिकत्वासाठी कलम ६ ची स्वतंत्र तरतूद करावी लागली होती. अशा देशात जन्माची अट घातली गेली असती, तर नागरिकांमध्येच दोन प्रती निर्माण झाल्या असत्या. शिक्षण, संपत्ती, धर्म वा लिंग यांपैकी कशाचेही बंधन कलम ५८ मध्ये नाही. या दृष्टीने पाहता, देशातील सर्वोच्च पदाचे दार घटनेने बरेच रुंद ठेवले होते.

लाभाचे पद व न्यायालयीन अर्थ

कलम ५८ मधील शब्दांचा अर्थ न्यायालयात तपासला गेला. १९६७ च्या निवडणुकीनंतर संसद सदस्य व ज्येष्ठ पत्रकार बाबूराव पटेल यांनी डॉ. झाकीर हुसेन यांच्या निवडीस आव्हान दिले. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने संसदेच्या उमेदवारास शपथ घेणे आवश्यक केले होते. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार लोकसभेसाठी पात्र असावा लागत असल्याने ही शपथ त्यालाही लागू होते, असा युक्तिवाद करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. २०१२ मध्ये पी. ए. संगमा यांनी प्रणव मुखर्जी यांच्याविरुद्ध भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अध्यक्षपदाच्या आधारे लाभाच्या पदाचा आक्षेप घेतला. ५ डिसेंबर २०१२ रोजी ही याचिका तीन विरुद्ध दोन अशा मतांनी फेटाळण्यात आली. दोन्ही प्रकरणांत निवड कायम राहिली.

कायद्याने घातलेली अट

खरा बदल घडला तो कायद्याच्या मार्गाने. कलम ७१ अन्वये या निवडणुकीसंबंधी कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे. त्यानुसार १९५२ चा राष्ट्रपती व उपराष्ट्रपती निवडणूक अधिनियम अस्तित्वात आला. आरंभी एक सूचक व एक अनुमोदक पुरेसा होता. १९५२ मध्ये पाच उमेदवार होते. राष्ट्रपतीची निवड थेट जनतेने करावी असा आग्रह घटना समितीत धरणारे के. टी. शहा त्यांपैकी एक होते. डॉ. राजेंद्र प्रसाद यांना ५,०७,४०० मतमूल्य मिळाले, तर शहा यांना ९२,८२७. १९६७ मध्ये उमेदवारांची संख्या १७ वर गेली आणि त्यांपैकी नऊ जणांना एकही मत मिळाले नाही. १९६९ मध्ये १५ उमेदवार होते.

या पार्श्वभूमीवर १९७४ च्या दुरुस्तीने दहा सूचक, दहा अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत अशी अट घातली. तिचा परिणाम तत्काळ दिसला. त्याच वर्षी केवळ दोन उमेदवार उरले. १९७७ मध्ये ३७ जणांनी अर्ज भरले, त्यांपैकी ३६ फेटाळले गेले आणि नीलम संजीव रेड्डी अविरोध निवडून आले. १९९७ मध्ये ही संख्या प्रत्येकी ५० व अनामत १५,००० रुपये करण्यात आली. तेव्हापासून २०२२ पर्यंतच्या सहाही निवडणुकांत प्रत्यक्ष लढत दोघांतच झाली.

या अटीस आव्हान देण्याचा मार्गही अरुंद आहे. निवडणूक याचिका उमेदवाराला किंवा किमान २० मतदारांना एकत्रितपणेच दाखल करता येते. १९७७ मध्ये अर्ज फेटाळले गेलेले चरणलाल साहू न्यायालयात गेले, तेव्हा ज्याचे नामनिर्देशनच वैध नाही तो उमेदवार ठरत नाही, असा निर्णय १९७८ मध्ये झाला. म्हणजे ज्या अटीमुळे उमेदवारी नाकारली गेली, तिच अट याचिकेच्या अधिकाराच्याही आड आली.

दोन्ही बाजू

या अटीचे समर्थन करता येते. राष्ट्रपतीची निवड संसदेचे व विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात. ज्याला त्यांच्यापैकी शंभर जणांचा पाठिंबा नाही, त्याला विजयाची शक्यताही नाही. शिवाय ही अट असूनही सत्ताधारी पक्षाबाहेरचे उमेदवार उभे राहिलेच. १९९७ मध्ये टी. एन. शेषन शिवसेनेच्या पाठिंब्यावर, तर २००२ मध्ये कॅप्टन लक्ष्मी सहगल डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर लढल्या. तथापि या उदाहरणांतूनच अटीचे स्वरूप स्पष्ट होते. पक्षाची अट कलम ५८ मध्ये कोठेही नाही. व्यवहारात मात्र पक्षाशिवाय अर्ज टिकत नाही.

निष्कर्ष

कलम ५८ मधील मूळ अटी कायम राहिल्या. त्यांवर नव्या अटींचा थर कायद्याने चढविला. निरर्थक अर्जांना आळा घालणे हा हेतू रास्त होता व तो साध्यही झाला. परंतु त्यासाठी घटनेत दुरुस्ती करावी लागली नाही. संसदेचे साधे बहुमत पुरले. जे सदस्य या निवडणुकीत मतदार आहेत, तेच उमेदवारीची अट ठरवितात आणि सूचक-अनुमोदकही तेच असतात. म्हणून राष्ट्रपतिपदाची पात्रता शिकविताना कलम ५८ च्या जोडीने १९५२ चा अधिनियम व त्यातील १९७४ आणि १९९७ च्या दुरुस्त्या विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक ठरते. अन्यथा ३५ वर्षे पूर्ण केलेला कोणताही नागरिक राष्ट्रपती होऊ शकतो, हे वर्गात सांगितले जाणारे विधान अर्धेच सत्य ठरते.