अट कोठे लिहावी?

व्याकरणाचे वाद संगणकाच्या भाषांनाही चुकलेले नाहीत. यादीतील सर्वांत लहान घटक शोधणारी एकच आज्ञावली अंकांना आणि शब्दांना सारखीच लागू पडावी, ही इच्छा जुनी आहे. त्यासाठी आज्ञावलीत प्रकाराची जागा रिकामी ठेवावी लागते. मात्र तेथे येणाऱ्या प्रकाराच्या मूल्यांची आपसांत तुलना करता आली पाहिजे, ही अट आलीच. ती लिहावी कशी, याचा शोध जवळजवळ अर्धशतक चालला.

१९७०च्या दशकात बार्बरा लिस्कोव्ह यांच्या 'क्लू' भाषेने अटीला 'व्हेअर' या शब्दाने सुरू होणारे स्वतंत्र उपवाक्य दिले. २००४ साली 'जावा'ने वारसा सांगणारा 'एक्स्टेंड्स' हा जुनाच शब्द घेऊन अट प्रकाराच्या नावाला जोडली. २००५ साली 'सी शार्प'ने पुन्हा 'व्हेअर' पत्करला. 'सी प्लस प्लस'मध्ये अट न लिहिताच काम चाले आणि चूक झाली की आज्ञावलीच्या पोटातून अगम्य तक्रारी बाहेर पडत. तेथील 'कन्सेप्ट्स'चा प्रस्ताव २००९ साली मसुद्यातून वगळला गेला. तो नव्या रूपात आला २०२०च्या प्रमाणात.

आम्हांला सर्वाधिक उद्बोधक वाटतो तो 'गो' भाषेचा प्रवास. २००९ साली जाहीर झालेल्या या भाषेत ही सोय नव्हती. २०१८च्या मसुद्याने 'कॉन्ट्रॅक्ट' ही नवी रचना सुचवली. तिच्यात नमुन्याची विधाने लिहायची. ती ज्या प्रकाराला लागू पडतील, तो प्रकार ग्राह्य. पण प्रकाराच्या अंगी कोणत्या क्रिया हव्यात हे सांगणारा 'इंटरफेस' भाषेत आधीपासूनच होता. दोहोंतील भेद वाचकाला कसा उमगावा? २०२०मध्ये 'कॉन्ट्रॅक्ट' गळाला आणि 'इंटरफेस'चाच अर्थ विस्तारला. तुलनेचे चिन्ह ही 'गो'मध्ये क्रिया नसल्यामुळे त्यात ग्राह्य प्रकारांची यादीही लिहिता येऊ लागली. कोनी कंस तुलनेच्या चिन्हांशी गोंधळ करतात म्हणून चौकोनी कंस आले. मार्च २०२२च्या १.१८ आवृत्तीत ही सोय प्रत्यक्षात उतरली.

याची किंमतही पडली. प्रकारांची यादी असलेला 'इंटरफेस' केवळ अट म्हणून चालतो, चलाचा प्रकार म्हणून नाही. एकाच शब्दाखाली दोन जाती नांदू लागल्या. तरीही हा निर्णय आम्हांला योग्य वाटतो. अट यंत्र तपासते खरे, पण ती वाचून आज्ञावली वापरायची की नाही हे माणूसच ठरवतो, आणि त्याला ओळखीच्या शब्दाचा आधार लागतो.