पाऊस, प्रवास आणि वर्षावास

काश्मीरकडे बर्फ पडले की घाटातला रस्ता बंद होतो, माणसे दोन्ही बाजूंना अडकून पडतात. आपल्या आपट्याला बर्फ कुठले! इथे ते काम पाऊस करतो. पाताळगंगा फुगली की आज निघायचे की थांबायचे, हा घरोघरचा प्रश्न.

हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खू संघापुढेही आला होता. भिक्खू भर पावसात हिंडतात, कोवळे गवत तुडवतात, बारीक जीव मरतात; पाखरेसुद्धा या दिवसांत घरटे धरून बसतात, अशी लोकांची तक्रार विनयपिटकात नोंदलेली आहे. तथागतांनी ती ऐकली आणि तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला. तोच वर्षावास. त्यातही आई-बाप आजारी असले तर सात दिवसांची सूट ठेवली. कान्हेरी, कार्ले, कुडा इथली लेणी बघताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मुक्कामाला पक्की जागा लागत होती.

पोटासाठी फिरणाऱ्याला मात्र थांबता आले नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी पावसात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. पुढे १९६४ साली दिवा-पनवेल रेल्वे झाली, १९६६ला ती आपट्यापर्यंत आली. आता पाण्याची भीती गेली असे वाटले.

ते २६ जुलै २००५ला खोटे ठरले. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकल जागच्या जागी उभ्या. आम्ही पहिली पाळी संपवून निघालो ते कमरेएवढ्या पाण्यात. रात्र एका अनोळखी चाळीच्या जिन्यावर काढली. तिथल्या बायकांनी जात न विचारता चहा-पाव दिला, हे इथे मुद्दाम लिहितो. पुढे थोडे चालत, थोडे ट्रकमधून, तिसऱ्या दिवशी घर गाठले. कामावर परतलो तर हजेरीपटावर खाडे मांडलेले, पगार कापलेला. "पाऊस काय तुम्हालाच होता का?" असे वर ऐकून घेतले.

पुढच्या वर्षी वर्षावासाच्या प्रवचनात भंतेंनी त्या सात दिवसांच्या सुटीचा नियम समजावून सांगितला. मागे बसलेल्या एका कामगाराने हळूच विचारले, "भंते, ती रजा भरपगारी होती का?" सगळे हसले. भंतेही हसले.