ड्युको, रबिंग आणि दुसरी बादली

कपाटाला काचेसारखा गुळगुळीत रंग हवा असला की सुतार विचारतो, "ड्युको करायचं का?" डालडा, झेरॉक्स यांच्यासारखाच हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो आला कुठून, हे मनातही येत नाही. माझ्याही आलं नसतं. पण धाकट्या नातवाने गेले काही महिने घरच्या घरी गाडीचं 'डिटेलिंग' करण्याचा ध्यास घेतला आहे, आणि आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मला दिसेल त्या गोष्टीचं मूळ शोधायची खोड. तो पॉलिशच्या बाटल्या जमवतो आणि मी त्या बाटल्यांचा इतिहास जमवते. तर मंडळी, त्या उद्योगातून हा लेख झाला. (गाडीत रस नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही. यात चिंच आहे, ब्राझीलमधलं ताडाचं झाड आहे आणि आमच्या सोसायटीतलं भांडणही आहे.)

डिटेलिंग म्हणजे सर्व्हिस स्टेशनवर फवारा मारून गाडी धुऊन आणणं नव्हे. पत्र्यावरचा रंग जपत, त्यावरचे ओरखडे कमी करत, शेवटी संरक्षक लेप चढवायचा, असं ते शिस्तीचं काम. नाव नवं असलं तरी काम जुनंच, थेट घोडागाडीच्या काळातलं.

पहिल्या मोटारी म्हणजे घोडा काढून टाकलेल्या बग्ग्याच होत्या. त्यांना रंगही बग्गीचाच, म्हणजे तेलाचं व्हार्निश. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, प्यूमिसच्या दगडाने घासायचा, मग पुढचा हात. असे कितीतरी हात, आणि एकेक गाडी रंगायला काही आठवडे. एवढं करून ते व्हार्निश उन्हाने पिवळं पडायचं, तडकायचं. दिवे आणि रेडिएटर पितळी असत, ते घासायला माणूस वेगळा. इंग्लंडमध्ये १९०५ साली 'ब्रासो' बाजारात आलं. आपल्याकडे देवाची भांडी चिंचेने घासतात. चिंचेतलं टार्टारिक आम्ल पितळेवरचा काळा थर विरघळवतं, एवढंच त्यातलं शास्त्र. तेव्हा गाडी स्वच्छ ठेवणं हे मालकाचं नव्हे, नोकराचं काम होतं हे लक्षात घ्या. हा धागा पुढे लागणार आहे.

हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या मिळत, हे अनेकांनी वाचलं असेल. फोर्डला काळा रंग फार आवडायचा असं नाही. डांबरासारख्या पदार्थापासून केलेलं काळं इनॅमल भट्टीत भाजून लवकर वाळायचं, स्वस्त पडायचं आणि टिकायचं. कारखान्याचा पट्टा भराभर गाड्या बाहेर टाकतोय आणि रंग वाळायला आठवडे लागताहेत, असं कसं चालणार?

हा पेच सोडवला ड्यूपाँट आणि जनरल मोटर्स यांनी मिळून. ड्यूपाँट हा मुळात दारूगोळ्याचा कारखाना. पहिलं महायुद्ध संपलं आणि नायट्रोसेल्युलोज, म्हणजे धूरविरहित बारूद ज्यापासून करतात तोच पदार्थ, कुठे वापरायचा हा प्रश्न उभा राहिला. त्याचं जे लॅकर केलं त्याचं नाव ड्युको! १९२४ च्या मॉडेलची ओकलंड गाडी या रंगाने निळी होऊन बाजारात आली. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि रस्त्यावर रंगीत गाड्या दिसू लागल्या. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे चार्ल्स केटरिंग यांची एक गोष्ट सांगतात. नवा रंग चालणार नाही म्हणणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी जेवायला नेलं. जेवण उरकून पाहुणा बाहेर आला तर त्याची गाडी सापडेना, कारण तेवढ्या वेळात ती वेगळ्या रंगाने रंगवून ठेवली होती. गोष्टीला तिखटमीठ लागलेलं असणारच, पण वर्गात सांगायला झकास.

आता मुख्य मुद्दा. ड्युको लवकर वाळायचा, पण मारल्या मारल्या त्याला हवी तशी चमक नसायची. बारीक घासणाऱ्या लेपाने तो घासून चमकवावा लागे. म्हणजे रबिंग कंपाउंड! आपल्या गॅरेजमध्ये आजही "रबिंग मारून देतो" म्हणतात, त्याचं मूळ हे. शिवाय हा रंग उन्हात वरून मरत जायचा. हात फिरवला तर बोटांना फळ्यावरच्या खडूसारखी भुकटी लागायची. तो मेलेला थर घासून काढला की खालून ताजा रंग वर येई आणि गाडी नवी दिसे. पण ती नवी दिसायची कशाच्या बळावर? स्वतःच्याच रंगाचा एक थर गमावून. घासायचं थोडं आणि मग वर मेण लावून झाकायचं, हे म्हणूनच आलं.

मेण कोणतं? तर कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या मुलखात एक ताड वाढतो. उन्हाळ्यात पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेणाचा थर धरतो. पानं तोडून वाळवतात, झोडपतात आणि मेणाची पूड गोळा करतात. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, हे ८० च्या वर. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं बॉनेट आठवा म्हणजे हा फरक कळेल. अमेरिकेत सिमोनिझ नावाचं मेण इतकं चाललं की तिथे गाडीला मेण लावण्याला 'सिमोनाइझ करणं' असं क्रियापदच झालं. पुढे १९४० च्या दशकात शिकागोच्या बेन हर्श यांनी द्रवरूप मेण काढलं, तेच पुढे टर्टल वॅक्स म्हणून प्रसिद्ध झालं. हा गृहस्थ जादूचे प्रयोग करायचा आणि घरच्या न्हाणीच्या टबात मेण कालवायचा. बेसबॉलच्या मैदानाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचा एकेक मडगार्ड चमकवून मालकांची वाट बघत बसायचा म्हणे. मालक आला की एक बाजू लखलखीत आणि बाकी गाडी मळकट! बाटली खपणारच.

इथे इतिहासाने वळण घेतलं. बग्गीच्या जमान्यात नोकराचं असलेलं काम तिकडच्या मध्यमवर्गाने रविवारी सकाळी अंगणात स्वतः करायला घेतलं. आपल्याकडे मात्र तसं झालं नाही.

आपल्याकडे मुळात गाडी मिळणंच नशिबात हवं. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि नंतर पद्मिनी निघाली. परवान्यांच्या राज्यात नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं. गाडी आली की ती घरातल्या माणसासारखी. दसऱ्याला पाटावर हत्यारं, पुस्तकं आणि दारात झेंडूची माळ घातलेली गाडी. पण रोज पुसायला मात्र माणूस. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, गाड्या वाढल्या, आणि इमारतीतल्या गाड्या पहाटे पुसणारा माणूस हा शहरातला एक व्यवसायच झाला.

आमच्याकडे ह्यांनी आधी जुनी पद्मिनी घेतली होती, मग १९९७ साली पांढरी मारुती. हे आता नाहीत, गाडी आहे. दर पाच वर्षांनी तिच्या नोंदणीचं नूतनीकरण करून आम्ही ती ठेवली आहे. ती दर दिवाळीला एका गॅरेजात जायची (नाव नको) आणि 'रबिंग-पॉलिश' होऊन यायची. तिथले लोक दरवर्षी विचार न करता त्याच जोराने मशीन फिरवत. नातू परवा बॉनेटच्या कडेवर बोट ठेवून म्हणाला, "आजी, हे बघ." रंग जाऊन खालचा करडा प्रायमर दिसत होता. मशीनखाली रंग आधी कडांवरच संपतो, कारण तिथे तो मुळात पातळ बसतो आणि दाब तिथेच जास्त पडतो.

रंगाचा थर असतो तरी केवढा? हल्लीच्या गाड्यांवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा-सातवा भाग. त्यात सर्वांत वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो ४०-५० मायक्रॉनचा. वहीच्या पानाहून पातळ. सगळी चमक त्या थराची, आणि उन्हापासून खालच्या रंगाला वाचवतो तोही तोच. ही दोन थरांची पद्धत जगात १९८० च्या दशकात रुळली. आपल्या गाडीवर कोणता रंग आहे हे ओळखायला सोपी खूण आहे. न दिसणाऱ्या कोपऱ्यात जरा पॉलिश घासा. फडक्याला गाडीचाच रंग लागला तर जुनी, एकेरी पद्धत. नुसता मळ आला तर वर क्लिअर कोट आहे. आमच्या मारुतीने फडकं पांढरं केलं.

तेव्हा नातवाला मी आणि इतिहासाने मिळून एकच अट घातली आहे: मशीन नाही. हाताने धुणं आणि वर मेण, बस्स. बॉनेट पुन्हा रंगवून घ्यायचं का, यावर घरात दोन तट आहेत. मुलगा म्हणतो, रंगवू. नातू म्हणतो, आजोबांच्या वेळचा रंग जेवढा आहे तेवढा राहू दे, प्रायमर दिसला तर दिसला. मी अजून काही बोललेले नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी, मला जे पटलं ते सांगते. गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना धुवायची. धूळ कोरडी झटकायची नाही. आपल्या शहरांतली धूळ म्हणजे निम्मी बांधकामाची वाळू, ती पत्र्यावर फडक्याने फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच. आधी पाणी ओतून ती वाहू द्यायची. मग दोन बादल्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ हातमोजा एका भागावर फिरवला की आधी साध्या पाण्यात पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचा. वरून खाली यायचं, चाकं शेवटी, आणि चाकांचं फडकं अगदी वेगळं. भांड्यांचा साबण नको, तो मेणही धुऊन नेतो. बोअरचं पाणी दुष्फेन असतं (आठवीतलं विज्ञान आठवा!), ते अंगावर वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके बसतात, म्हणून लगेच टिपून घ्यायचं. टिपायला मायक्रोफायबर चांगलं. इतके बारीक धागे काढायचं तंत्र १९७० च्या सुमारास जपानमध्ये टोरे कंपनीच्या मियोशी ओकामोतो यांनी साधलं, आणि तेही कृत्रिम सुएड चामडं करण्यासाठी. जुनं मलमल किंवा फलालीन काही वाईट नव्हे, पण मायक्रोफायबर मळ धाग्यांत उचलून धरतं. फडकं जमिनीवर पडलं तर ते तिथेच निवृत्त! पक्ष्यांची घाण दिसली की त्याच दिवशी भिजवून काढा, ती रंग खाते. आतल्या सीटा-बिटांचं काय, ते व्हॅक्यूम आणि ओलं फडकं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आणि 'टेफ्लॉन कोटिंग'च्या नावाखाली पैसे घालवण्याआधी एवढं ध्यानात असू द्या की टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं. तव्यावर ते भट्टीत भाजून बसवतात. गाडी कुणी भट्टीत घालत नाही. चमक येते ती बाटलीतल्या इतर पदार्थांची.

पाण्याबद्दल बोललंच पाहिजे. नळी दहा मिनिटं सोडली की शंभरेक लिटर सहज जातात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या गाडीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. ते पाहिल्यापासून पाइपने गाडी धुणारा दिसला की माझ्यातली शिक्षिका जागी होते. दोन बादल्यांत काम चाळीस लिटरच्या आत होतं.

आता सोसायटीतलं भांडण. आमच्याकडे पहाटे गाड्या पुसायला एक जण येतात, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. गेल्या सभेत तक्रार आली की त्यांच्यामुळे नव्या गाड्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे पडलेत, त्यांना काढा आणि कंपनी लावा. ओरखडे खरे आहेत, रात्री खांबावरच्या दिव्याखाली स्पष्ट दिसतात. पण मी उभी राहून विचारलं, भाऊंना आपण देतो काय? चौदा गाड्यांना एक बादली आणि एक फडकं. पहिल्या गाडीची वाळू पाचव्या गाडीवर जाणार नाही तर कुठे जाईल? बादली भरायला नळ एकच, तोही सहापर्यंतच चालू. त्यांच्या जागी कुणाचा अभियंता झालेला मुलगा उभा केला तरी ओरखडे तेवढेच पडतील. आणि कंपनीचा माणूसही उद्या हीच बादली उचलणार.

कुणी काही बोललं नाही. मग सेक्रेटरी म्हणाले, "बाई, लेखी द्या." दिलं. प्रत्येक जिन्यामागे दोन बादल्या, गाडीगणिक एक मायक्रोफायबर फडकं, नळ सातपर्यंत चालू, आणि भाऊंना नातवाकडून एका रविवारी प्रात्यक्षिक. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ते सहाव्या क्रमांकावर आहे, लिफ्टच्या दुरुस्तीनंतर.