तारमास्तरांचा हात

आजचा विषय एका आजाराचा आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो की मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानाचा. त्या पदवीने कुणाचा ताप उतरत नाही. पण वैद्यकाच्या इतिहासात काही प्रकरणं अशी आहेत, की तिथे औषधाइतकाच, किंबहुना जास्तच, 'पुरावा कशाला म्हणायचं' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्यातलं एक प्रकरण मी आज निवडलंय. त्याचं नाव तारमास्तरांचा पेटका.

तार म्हणजे काय हे समोर बसलेल्या तरुण मंडळींना कदाचित सांगावं लागेल. आपल्याकडे तारसेवा बंद झाली १४ जुलै २०१३ ला, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. पण मी बोलतोय ते मोर्सच्या काळाबद्दल. टेबलावर पितळेची एक की. मनगट हलवून ती खाली दाबायची आणि सोडायची. थोडा वेळ दाबली की ठिपका, जरा जास्त दाबली की रेघ. इंग्रजी 'एस' म्हणजे सलग तीन ठिपके, 'एच' म्हणजे चार. सराईत माणूस मिनिटाला वीस-पंचवीस शब्द पाठवायचा. एका पाळीत त्या मनगटाच्या किती हजार हालचाली होत असतील, हे तुम्हीच मनाशी मांडा.

आता या माणसाला एक दिवस काय होतं? 'एच' पाठवायला घेतो आणि हात चार ठिपके देतच नाही. तीनच पडतात, नाहीतर पाच, नाहीतर हात कीला चिकटून बसतो आणि पलीकडे लांबलचक रेघ ऐकू जाते. बोटं आखडतात, कोपरापर्यंत ओढ बसते. अमेरिकेतले तारमास्तर याला 'काचेचा हात' म्हणत. आणि खरी गंमत पुढेच आहे. गंमत म्हणजे त्या बिचाऱ्याच्या दृष्टीने शोकांतिका. तोच हात घरी गेल्यावर दाढी करतो, सदऱ्याची बटणं लावतो, घास तोंडाशी नेतो. डॉक्टरने तपासलं तर स्नायू ठीक, हाड ठीक, सूज नाही. बिघाड फक्त कीवर हात ठेवल्यावरच! म्हणजे ज्या कामाचा पगार मिळतो, नेमकं तेच काम हाताला जमत नाही. साहेबाच्या मनात काय येईल? आपल्याकडे त्याला एक शब्द आहे: सोंग.

या तक्रारीची नोंद फ्रान्समध्ये ओनिमुस यांनी १८७५ मध्ये केली, आणि १८८२ मध्ये ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. पण तिची थोरली बहीण बरीच जुनी आहे. इटलीतले रामाझ्झिनी यांना व्यवसायजन्य आजारांच्या शास्त्राचे जनक म्हणतात. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असं डॉक्टरांना बजावून सांगणारा हा माणूस. त्यांचा ग्रंथ १७०० सालचा, आणि १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत कारकुनांवर एक प्रकरण आहे. त्यात लिहिण्यातच आयुष्य गेलेल्या एका माणसाची हकिकत येते. त्याचा उजवा हात निकामी झाला, म्हणून तो डाव्याने लिहायला शिकला, तर थोड्या काळाने डाव्याचीही तीच गत झाली. रामाझ्झिनींनी कारकुनांच्या दुखण्याची तीन कारणं दिली आहेत: सतत बसणं, हाताची एकसारखी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. हे तिसरं कारण लक्षात ठेवा. पुढच्या दोनशे वर्षांचं भांडण त्याच्यावरूनच आहे.

आता ब्रिटनमध्ये येऊ. तिथली देशांतर्गत तारयंत्रणा १८७० मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि ती टपालखात्याकडे आली. १९०६ च्या कामगार भरपाई कायद्याने अपघातांबरोबर काही रोगांनाही पहिल्यांदा भरपाई लागू केली. सुरुवातीची यादी सहा रोगांची. शिसं, पारा, फॉस्फरस, आर्सेनिक यांची विषबाधा, अँथ्रॅक्स आणि खाणकामगारांचा अंकुशकृमीचा रोग. यातला प्रत्येक रोग दाखवता येतो. विष सापडतं, जंतू सापडतो, कृमी तर डोळ्यांना दिसतो. आणि १९०८ मध्ये या यादीत तारमास्तरांचा पेटका दाखल झाला! ज्यात काहीच सापडत नाही असा रोग, आणि भरपाई देणारा मालक कोण, तर स्वतः सरकार.

पुढे काय झालं असेल याचा तुम्हाला अंदाज आलाच असेल. दावे येऊ लागले, टपालखात्याने समिती नेमली आणि १९११ मध्ये तिचा अहवाल आला. समितीचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन गोष्टी एकत्र आल्यावर हा पेटका येतो. एक, माणसाच्या मज्जासंस्थेचा मुळातला अस्थिरपणा. दुसरी, या किचकट हालचाली पुन्हा पुन्हा करून येणारा थकवा. वरवर पाहता किती समंजस निष्कर्ष! निम्मा दोष माणसाचा, निम्मा कामाचा. पण माझ्यासारखा खोडकर माणूस विचारणार, की त्या कामात थकवा आहे हे तुम्ही मोजू शकता, की किती वेळा दाबली गेली ते मोजता येतं. 'मुळातला अस्थिरपणा' कशावरून? तर त्याला पेटका आला त्यावरून. आणि पेटका का आला? तर अस्थिरपणामुळे. आपल्या न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. दोन आंधळ्यांनी एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडण्यातला हा प्रकार.

अर्थात समितीला दोष देणं सोपं आहे. त्यांच्या हाताशी होतं काय? म्हणून इथे जरा थांबतो, माझ्या गल्लीतून एक फेरी मारतो आणि परत येतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात, वेदान्तीही मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. साधं आहे. पण त्यांनी त्यात एक अट घातली: ती अनुपलब्धी 'योग्य' हवी. म्हणजे घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. खोलीत मिट्ट काळोख असेल तर घट दिसला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. आता प्रश्न असा, की १९११ मध्ये मेंदूतल्या सूक्ष्म बिघाडाच्या बाबतीत खोलीत दिवा होता का? नव्हता. 'काही सापडलं नाही' हे वाक्य खरं होतं. त्यावरून 'काही नाही' म्हणणं, किंवा 'काही नाही, म्हणजे मनाचं आहे' म्हणणं, यात एकेक पायरी गाळली जात होती.

ही दुसरी पायरी पुढे संशोधनानेच गाळली. ब्रिटनच्या औद्योगिक थकवा संशोधन मंडळासाठी मे स्मिथ, मिलेस कल्पिन आणि एरिक फार्मर यांनी तारमास्तरांच्या पेटक्यावर एक अभ्यास केला, तो १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्पिन हे पहिल्या महायुद्धात मन खचलेल्या सैनिकांवर उपचार केलेले डॉक्टर. त्यांनी पेटका असलेल्या आणि नसलेल्या तारमास्तरांच्या मुलाखती घेतल्या, चाचण्या घेतल्या. पेटकेवाल्यांमध्ये चिंता, भीती, मनोविकाराची लक्षणं असलेले लोक बरेच जास्त निघाले. अभ्यास प्रामाणिक होता, तुलनेसाठी गट घेतला होता, त्या काळात हे थोडं नव्हे. मला खटकतो तो निष्कर्षाचा रोख. नोकरीला घेतानाच अशी माणसं ओळखून बाजूला काढावीत, हा तो रोख. आणि एक साधा प्रश्न मागे राहतो. ज्याचा पोटापाण्याचा हात दगा देतो, वर ज्याला सगळे सोंगाड्या समजतात, त्याला चिंता वाटणार नाही तर काय होईल? आधी चिंता की आधी पेटका, हे एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कळत नाही.

अमेरिकेतलं उत्तर जास्त रोखठोक होतं. तिथे होरेस मार्टिन नावाच्या गृहस्थाने १९०५ च्या सुमारास 'व्हायब्रोप्लेक्स' ही की बाजारात आणली. तिचा दांडा वरखाली न करता आडवा हलवायचा, आणि सलग ठिपके स्प्रिंगच्या कंपनाने आपोआप पडतात. 'एच'साठी चार हालचालींऐवजी एक. माणूस अस्थिर आहे का, याची चौकशी न करता कीच बदलली. मला हा मार्टिन फार आवडतो.

मोर्स गेला, टेलिप्रिंटर आला, पेटका राहिला. ऑस्ट्रेलियात फर्ग्युसन यांनी १९७१ मध्ये पाचशेहून अधिक तारमास्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे १४ टक्क्यांना पेटका होता. मग १९८० च्या दशकात त्याच देशात हातदुखीची प्रचंड लाट आली. आज आयटीतल्या मुलांना 'आरएसआय' हा शब्द सांगावा लागत नाही, तो तेव्हा गाजला. ते दुखणं पेटक्याहून वेगळं, पसरलेल्या वेदनेचं. दोन्ही एकच समजू नका. पण हॉकिंग यांनी १९८७ मध्ये टेलिकॉम ऑस्ट्रेलियातले आकडे मांडले ते पाहण्यासारखे आहेत. टेलिफोन ऑपरेटरांमध्ये हजारी ३४३ तक्रारी, कारकुनांमध्ये हजारी २८४, आणि दिवसभर बडवणाऱ्या तारमास्तरांमध्ये फक्त ३४! नुसत्या बटणं दाबण्याच्या संख्येने दुखणं ठरत असतं, तर हे उलटं यायला हवं होतं. यावरून काहींनी लगेच म्हटलं, बघा, सगळं मनाचं. मी म्हणेन, घाई नको. यावरून एवढंच दिसतं की बटणांची मोजदाद पुरेशी नाही. देखरेख किती कडक, मध्ये उठता येतं का, कामावर आपली काही पकड आहे का, हे सगळं त्या मोजदादीच्या बाहेर राहिलं. रामाझ्झिनींचं तिसरं कारण आठवतंय ना?

दरम्यान खोलीत दिवा आला. १९८२ मध्ये लंडनच्या शीही आणि मार्सडेन यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात कारकुनांच्या पेटक्यावर निबंध लिहिला. हा मनोविकार नाही, हालचालींच्या नियंत्रणाचा मेंदूतला बिघाड आहे, डिस्टोनिया आहे, असं त्यांनी मांडलं. १९९६ मध्ये अमेरिकेत नॅन्सी बिल, मर्झेनिक आणि सहकाऱ्यांनी माकडांना एकच हालचाल झपाट्याने, वारंवार करायला लावली. त्यांच्या मेंदूतला हाताचा नकाशाच विस्कटला, बोटांच्या जागा एकमेकींत मिसळल्या. या माकडांना भरपाईचा दावा करायचा नव्हता, हे सांगायला नकोच. ब्रिटनच्या यादीत हा रोग आजही आहे, क्रमांक ए-४.

एक गोष्ट राहिली. 'डिस्टोनिया' हा शब्द घडवला बर्लिनच्या हेर्मान ओपेनहाइम यांनी. काही मुलांचे हातपाय विचित्र पिळवटत, इतर डॉक्टर त्याला उन्माद म्हणत होते, आणि हे म्हणाले, नाही, याचं मूळ शरीरात आहे. याच ओपेनहाइम यांनी १८८९ मध्ये अपघातानंतर कामगारांना होणाऱ्या, बाहेरून न दिसणाऱ्या मज्जाविकारांवर पुस्तक लिहिलं होतं. ते भरपाईखोरांना फूस देतात, असा आरोप त्यांच्यावर झाला. १९१६ मध्ये म्युनिकच्या परिषदेत जर्मन मेंदूतज्ज्ञांनी त्यांचं मत जवळजवळ एकमुखाने फेटाळलं, आणि तीन वर्षांनी ते गेले. डिस्टोनिया हा शब्द त्यांनी छापला ते साल १९११. लंडनच्या समितीचा अहवाल आला, तेच साल. अहवाल लिहिणाऱ्यांच्या टेबलावर तो जर्मन लेख असता, तरी त्याचा कीशी काही संबंध आहे हे कुणाला सुचलं असतं का? मला नाही वाटत. मुलांचे पिळवटलेले पाय कुठे, आणि 'एच'चे चार ठिपके कुठे.

बरं, वेळ झाली. मागच्या रांगेतून मघापासून एक हात वर आहे, तिथून सुरुवात करू.