चिलया, नेल आणि पंढरपूरचा पाळणा

व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील इंग्रजी कादंबरी हातीं घेतली कीं तींत एखादें फिकट चेहऱ्याचें, वयाच्या मानानें फार शहाणें मूल भेटावयाचें, आणि पुस्तक संपण्यापूर्वीं तें बहुधा मरावयाचें, हें सराईत वाचकास ठाऊक असतें. डिकन्सच्या 'ओल्ड क्युरिऑसिटी शॉप'मधील नेल ही ह्या सर्व मुलांची थोरली बहीण. १८४०-४१ सालीं ही कादंबरी हप्त्याहप्त्यांनीं निघत होती. जुगारी आजोबांचा हात धरून ही पोर गांवोगांव भटकते आणि अखेर एका खेड्यांतील जुन्या चर्चच्या सावलींत डोळे मिटते. विलायतेहून येणाऱ्या जहाजाला न्यूयॉर्कच्या धक्क्यावरील लोकांनीं "नेल जिवंत आहे काय?" असें ओरडून विचारलें, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी नसेलही. पण अशा आख्यायिका कोणत्याही पोरीविषयीं उठत नाहींत.

नेलपेक्षां मला 'डोंबी अँड सन'मधला पॉल अधिक खरा वाटतो. बापाला मुलगा हवा तो पेढीचें नांव पुढें चालावें म्हणून. हा पांच-सहा वर्षांचा अशक्त पोरगा एके दिवशीं बापाला विचारतो कीं, पैसा म्हणजे काय? पैशानें सर्व कांहीं होतें असें उत्तर मिळतांच तो पुन्हां विचारतो कीं, मग त्यानें आईला कां वांचविलें नाहीं? अख्ख्या लंडनच्या व्यापारी पेठेला जें कोणी विचारूं शकत नव्हतें, तें ह्या आजारी मुलानें विचारलें. निष्पाप बालकाचा कादंबरीकारास मोठा उपयोग तो हाच. मोठ्यांचा न्याय करावयास त्याच्याइतका निःस्वार्थी न्यायाधीश दुसरा नाहीं. आणि निकाल देऊन तें मरून गेलें, म्हणजे त्याच्याशीं वाद घालण्याचीहि सोय उरत नाहीं.

पुढील पिढीनें ह्या मरणांची थट्टा आरंभिली. नेलच्या मृत्यूवरील ऑस्कर वाइल्डची कुचेष्टा तर प्रसिद्धच आहे. पण थट्टा करणाऱ्यानें दोन गोष्टी विसरूं नयेत. त्या काळीं इंग्लंडांत जन्मलेल्या दर हजार अर्भकांपैकीं सुमारें दीडशें पहिला वाढदिवस पाहत नसत. शिवाय हे लेखक घरचेंच दुःख लिहीत होते. 'जेन एअर'मध्यें क्षयानें मरणारी हेलन बर्न्स ही शार्लट ब्राँटीची थोरली बहीण मराया होय. ती शाळेंतून आजारी होऊन घरीं आली आणि १८२५ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं वारली. डिकन्सची तान्ही डोरा १८५१ सालीं गेली. पुढल्याच वर्षीं लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर मुलांचें रुग्णालय निघालें तें अवघ्या दहा खाटांचें. त्याच्या मदतीसाठीं १८५८ सालीं डिकन्सनें भाषण केलें, तेव्हां त्यानें नेलला किंवा पॉलला बोलाविलें नाहीं. एडिंबरोच्या एका दरिद्री खोलींत, दुकानांतून मागून आणलेल्या अंड्यांच्या खोक्यांत निजविलेलें एक रोगी मूल त्यानें पाहिलें होतें. त्याची गोष्ट त्यानें सांगितली. श्रोत्यांनीं हजारों पौंड दिले. अश्रूंची खाट झाली, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासांत वारंवार घडत नाहीं.

आपल्याकडे नेलच्या तोडीचें मूल शोधावयास सोलापूर जिल्ह्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. सांगोल्याजवळील नाझऱ्याच्या श्रीधरस्वामींनीं १७१८ सालीं 'शिवलीलामृत' रचलें. त्यांतील चिलयाची कथा ऐकून किती पिढ्यांच्या माउलींनीं पदर डोळ्यांस लावला असेल! अतिथीच्या वेषानें आलेला शिव पुत्राचें मांस मागतो. चांगुणा शाळेंतून आलेल्या लेकराचें मस्तक उखळांत कांडते, आणि वर गात राहते. गोऱ्या कुंभाराचें मूल चिखलांत तुडविलें गेलें, तीहि कथा ह्याच जातीची. पण आपल्या कथांत मूल परत येतें. हांक मारतांच चिलया धांवत येतो. गोरोबांचें बाळ पंढरीच्या कीर्तनांत पुन्हां मिळतें. इंग्रज कादंबरीकारास हा मार्ग उरला नव्हता. स्वर्गाचें आश्वासन देऊन त्याला पान उलटावें लागे. दोहींकडे एक गोष्ट मात्र समान आहे. परीक्षा मोठ्यांची असते, आणि उखळांत जातें तें लेकरूं.

ज्या पंढरपुरांत ह्या कथा रंगत, तेथेंच परत न येणारीं मुलेंहि होतीं. विधवेस दिवस गेले म्हणजे यात्रेच्या निमित्तानें तिला क्षेत्राच्या ठिकाणीं आणीत. बाळंतपण उरकलें कीं ती एकटी परत जाई. मुलाचें काय झालें, हें कोणी विचारीत नसे. १८७५ सालीं तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर ह्यांनीं अशा अर्भकांसाठीं आश्रम काढला. तो पुढें मुंबईच्या प्रार्थनासमाजानें चालविला, आणि नवरंगे बालकाश्रम ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. त्याची गरज किती होती, हें लवकरच सर्वांस दिसलें. १८८१ सालीं सुरतेच्या न्यायालयानें विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेस बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा फर्माविली. ती शिक्षा पुढें सौम्य करण्यांत आली. पण ह्याच प्रकरणानें संतापून ताराबाई शिंदे ह्यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली.

आपल्या आरंभींच्या कादंबरीनें विधवेचें दुःख सांगितलें, आणि उत्तम सांगितलें. १८९० नंतर 'करमणूक' पत्रांतून हरिभाऊ आपट्यांची यमू घरोघरीं रडवून गेली. निष्पाप बळीची जी जागा इंग्रजींत रोगी मुलाची, ती मराठींत ह्या पोरसवदा विधवेनें घेतली. तिच्या कडेवर न दिसणाऱ्या त्या मुलाकडे मात्र क्वचितच कोणी पाहिलें. डिकन्सचा ऑलिव्हर अनौरसच होता, तरी इंग्रज मध्यमवर्गानें त्याला घरांत घेतलें. आपल्या मध्यमवर्गाला तेवढें औदार्य पुस्तकांतहि परवडलें नाहीं.

तें औदार्य पुस्तकाबाहेर घडत होतें. १८६३ सालीं पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं आपल्या घरींच बालहत्याप्रतिबंधक गृह उघडलें होतें. तेथें काशीबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेस झालेलें मूल त्यांनीं १८७४ सालीं दत्तक घेतलें. त्याचें नांव यशवंत. तो पुढें डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाईंनीं त्यालाच बोलावून पुण्याजवळ दवाखाना घातला. मुंढव्याच्या अस्पृश्य मानलेल्या वस्तींतील एक मुलगा तापानें फणफणला आहे असें कळतांच त्या स्वतः गेल्या, आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यांत आल्या, असें सांगतात. तो मुलगा बरा झाला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजीं प्लेगानें वारल्या. त्या वेळीं त्यांच्या उशाशीं डॉक्टर होता तो काशीबाईंचा मुलगा.