गाण्याची सांठवण : लाखेपासून आंकड्यांपर्यंत

१६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. त्याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे आणखी दोन गोष्टी घडल्या. जून महिन्यांत अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ ध्वनिमुद्रिका पुढें आणली. आणि जुलैमध्यें क्लॉड शॅनन या गणितज्ञाचा संदेशवहनावरील निबंध प्रसिद्ध होऊं लागला. ‘बिट’ हा शब्द त्याच निबंधांत प्रथम छापला गेला. या तीन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे, असें त्या वेळीं कोणाच्या मनांतहि आलें नसेल. आज संगणकांत गाण्यांचा संग्रह करणाऱ्या रसिकाच्या मेजावर मात्र त्या तिन्ही एकत्र आल्या आहेत.

आपल्याकडे गाण्याची सांठवण पूर्वीं गळ्यांतच होत असे. गुरूच्या गळ्यांतून शिष्याच्या गळ्यांत गाणें जाई, थोडें बदले, आणि बदलूनच जिवंत राही. परंतु गुरूचा आवाज त्याच्याबरोबरच जाई. भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले. बालगंधर्व व मास्तर कृष्णराव यांच्यासारखे शिष्य त्यांनीं घडविले; पण खुद्द बुवांचा आवाज आज कोणत्याहि मुद्रिकेवर ऐकावयास मिळत नाहीं. याच्या उलट, वसंतराव देशपांडे यांनीं नागपुरांत शंकरराव सप्रे यांच्यापाशीं संगीताचें शिक्षण घेतलें. वसंतराव १९८३ सालीं गेले. नागपुरांत त्यांच्या नांवाचें सभागृह आहे, आणि त्यांचा आवाजहि आपल्यापाशीं आहे. दोन पिढ्यांत पडलेला हा फरक केवळ यंत्रामुळें पडला.

तें यंत्र हिंदुस्थानांत आलें त्यास शतक उलटून गेलें. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग यानें कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. त्या काळची तबकडी लाख व दगडाची भुकटी यांच्या मिश्रणाची असे. पळस-कुसुंबाच्या फांद्यांवर किड्यांनीं केलेली लाख आपल्याच रानांतून परदेशीं जाई आणि गाणें होऊन परत येई! मात्र त्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेंच मावत. तासाभराचा ख्याल त्यांत कोंबावा लागे. शिवाय सुई प्रत्येक फेऱ्यास थोडें गाणें खरवडून नेई, आणि ४५ अंशांपलीकडे जाणारा नागपूरचा मे महिना लाखेच्या तबकडीस वांकवी.

पुढें चुंबकीय फीत आली. तिच्यावर संपूर्ण मैफल मावूं लागली. पण फितीवरून फीत उतरवावी, तर दर खेपेस खरखर वाढे. फीत महाग म्हणून जुनें पुसून तिच्यावर नवें भरण्याची रीतहि जगभरच्या नभोवाणी केंद्रांवर होती. किती मैफली अशा पुसल्या गेल्या असतील, याची कल्पनाच करावी.

१९८२ सालीं जपानांत कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीस आली, आणि येथें शॅननचा ‘बिट’ गाण्यांत शिरला. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. तो पकडावयाचा तर दुपटीहून अधिक वेळां मोजला पाहिजे. म्हणून या तबकडींत ध्वनीची लाट सेकंदास ४४,१०० वेळां मोजतात आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात. दोन्ही बाजूंचे स्पीकर धरून तासाभराच्या गाण्यास सुमारें साडेत्रेसष्ट कोटी बाइट लागतात. हजार तासांचें गाणें आज तळहाताएवढ्या हार्ड डिस्कमध्यें राहतें.

जागा वांचविण्याचे मार्ग दोन. एमपी-थ्री ही पद्धत कानास जाणवणार नाहीं असें मानलेला भाग टाकून देते. टाकलेलें पुन्हां मिळत नाहीं. २००१ सालीं आलेली फ्लॅक ही पद्धत कांहींहि न टाकतां गाणें साधारणतः निम्म्या ते दोन-तृतीयांश जागेंत बसविते, आणि मूळ ध्वनि अभंग आहे कीं नाहीं हें पडताळण्याची खूणहि फाइलींतच ठेवते. ऐकण्यास पहिली चालेल; संग्रहास दुसरीच हवी. वाजवितांना फाइल ज्या मापानें लिहिली त्याच मापानें संगणकांतून बाहेर पडेल, एवढें पाहावें. जुन्या तबकडींत जें मुळांत उतरलेंच नाहीं, तें आंकडे फुगवून येत नाहीं.

गळ्याची, तबकडीची, फितीची नक्कल मुळाहून वेगळी होई. आंकड्यांची नक्कल मात्र मुळाइतकीच खरी असते. हीच या युगाची खरी देणगी. पण तबकडी तडकली तरी अर्धी वाजे. हार्ड डिस्क बिघडली कीं हजार तास एकदम मुके होतात. म्हणून तीन प्रती असाव्या. त्या एकाच जातीच्या साधनावर नसाव्या, आणि एक तरी परगांवीं असावी. वर्षांतून एकदां त्या पडताळून पाहाव्या. आणि प्रत्येक फाइलींत गायकाचें, साथीदारांचें व रागाचें नांव, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावें. आपल्या घरीं एखाद्या जुन्या मैफलीची फीत पडून असेल, तर हें काम येत्या उन्हाळ्यापूर्वींच हातीं घ्यावें.